चुलीवरनं ओळखलेलं धरण

आई, परवा मामांच्या विहिरीचा काठ पाहिला. यंदा धरणाचं पाणी पार तळाला गेलंय आणि गाळातून तो घडीव दगडांचा काठ वर आलाय. मामा म्हणजे नदीकाठच्या वाडीतले, लिंबांच्या बागेचे मामा. नात्याचे ना गोत्याचे, ते मुसलमान आणि आपण मिशनचे ख्रिस्ती. पण तू त्यांना दादा म्हणालीस, ते दर ईदला तुला साडी धाडत राहिले, म्हणून ते माझे मामा. ती विहीर खणा, असं त्यांना तू सांगितलंस. आणि ती जागा पुढे पाण्यात जाणार हे तुला सांगतानाच माहीत होतं, असा माझा तुझ्यावर संशय आहे. तू होतीस तेव्हा होता. दौंडला रेल्वेच्या रनिंग रूममागच्या खोलीत तू शेवटची पडून होतीस आणि मी तुझे पाय दाबत होते, तेव्हाही होता. मुलीनं आईवर असा संशय धरावा हे काही बरं नाही, पण धरला, आणि एकदा धरल्यावर सुटता सुटला नाही.

मी मुळातच संशयी, हे तूच म्हणायचीस. भाजीवाल्यानं आपणहून कोथिंबीर घातली की मी तराजूकडे बघते. पण या एका बाबतीत मी एकटी दोषी नाही. त्या दिवसांत सगळी वाडीच संशयावर जगत होती, आणि त्याला कारणंही तशीच होती. सुरुवात जीपपासून झाली. मी तेव्हा शिरूरला मिशनच्या शाळेत बिगारीच्या, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गातल्या पोरांना शिकवत होते. तू मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होतीस; मडम मायदेशी परतल्या, बंगल्याला कुलूप लागलं आणि तुझं काम सुटलं. त्याच उन्हाळ्यात नदीवर जीप आली. दोन साहेब उतरले, दोन्ही अंगांच्या टेकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले, बाभळीखाली बसून डबा खाल्ला आणि गेले. धरण एवढ्यापासून सुरू होतं, हे मला आता धरणांच्या कचेरीतल्या नोकरीत केस पांढरे केल्यावर कळतं. कुणाला तरी दोन टेकड्या जवळजवळ आलेल्या दिसतात आणि त्याच्या मनात येतं, इथे भिंत घातली तर? वाडीला ते कुठलं ठाऊक. वाडी म्हणाली, शिकारीला आलेत. मग नदीत काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा खांब रोवला आणि पावसाळाभर एक माणूस छत्री घेऊन त्यावरचं पाणी वाचायला लागला. तेव्हा वाडी म्हणाली, आता नदीवर सारा बसवणार.

तिसऱ्या खेपेला राहुट्या आल्या. दुर्बिणी, लाल-पांढऱ्या काठ्या, पट्टी धरून उन्हात उभे राहणारे मोजणीचे गडी, ज्यांना खलाशी म्हणत, आणि थोरल्या साहेबांना तिखट सोसत नाही म्हणून स्वयंपाकीण हवी. तुला मिशनच्या बंगल्यातलं पांढरं जेवण येत होतं. तू गेलीस. शनिवारी शाळा सुटली की मी येष्टीनं फाट्यावर उतरून तुझ्याकडे यायचे आणि सोमवारी सकाळी परतायचे. खलाशी आपलं वेगळं शिजवायचे. तुझ्या हातचं त्यांना चालत नसे. बातमी मात्र त्यांना तुझ्याच चुलीपाशी हवी असायची. एकेक जण विस्तव मागायच्या निमित्तानं यायचा आणि विचारायचा, बाई, साहेब काय म्हणत होते? तू चिमट्यानं निखारा द्यायचीस आणि म्हणायचीस, मीठ कमी हाय म्हणत हुते.

वाडीला काय हवं होतं ते साधं होतं. भिंत कुठे होणार? झेंडे दोन ठिकाणी लागले होते, एक वाडीच्या वर आणि एक वाडीच्या खाली. वरच्या जागी भिंत झाली तर वाडी भिंतीच्या पायथ्याशी सुखरूप, शेताला पाटाचं पाणी, शिवाय पायथ्याला वीजघर होणार म्हणून घरोघरी दिवे. खालच्या जागी झाली तर घरं, मशीद, म्हसोबा, मामांची बाग, सगळं धरणाच्या पोटात. विजेचंही सगळ्यांना कौतुक होतंच असं नाही. वाडीतले आप्पा, ते शेंडी राखणारे, एकदा तुझ्यासमोर बसून म्हणाले होते, "पाण्यातनं ईज काढून घेतल्याव मागं ऱ्हातं काय? चोथा. त्यो आमच्या पिकाला पाजणार व्हय?" तू हसली नाहीस. मला मात्र हसू आवरेना, म्हणून मी घागर घेऊन नदीवर गेले.

आणि मग तू चूल हलवलीस. आधी ती वरच्या झेंड्यापाशी होती आणि वाडी निवांत होती. साहेबाची चूल जिथं, तिथंच भिंत, हे त्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं होतं. बांधकामाला आलेला माणूस जिथं राहायचं ठरवतो तिथं आधी चूल मांडतो, ही त्यांची रीत. त्यांना दुसरं काय सुचणार? फाल्गुनात तू खालच्या अंगाला, मामांच्या बागेलगतच्या चिंचेखाली चूल नेलीस. वरती वाऱ्यानं धूर राहुटीत भरतो आणि साहेब खोकतात, असं तू सांगितलंस. कोण विश्वास ठेवतो! त्या आठवड्यात वाडीत दोघांनी छपरं शाकारायचं सोडून दिलं आणि एका पोरीची ठरलेली सोयरीक मोडली, का तर गावच राहणार नाही तिथं मुलगी कशी द्यायची. बायका अंडी घेऊन यायला लागल्या, दही घेऊन यायला लागल्या. बसायच्या, इकडचं तिकडचं बोलायच्या आणि उठताना हळूच म्हणायच्या, "बाई, हितंच का मग?" तू अंडी परत करायचीस. म्हणून तर त्यांची खात्रीच पटली. अंडी नको म्हणते म्हणजे नक्कीच काहीतरी ठाऊक आहे.

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. तू रात्रंदिवस साहेबांच्या ताटाशी. नकाशे तुझ्या पोळपाटाशेजारी पसरलेले. त्या शनिवारी तू भाकरी थापत होतीस आणि मी समोर उकिडवी बसले. मी म्हटलं, आई, मला तरी सांग. तू परातीतून हात काढलास, पिठाचाच, आणि माझ्या हनुवटीला धरून माझं तोंड वर केलंस. "मला ठाव न्हाई. आन् तुझ्या डोळ्यात कायम पंचनामा असतो, तो आदी बंद कर. भाकरी खायला आली असलीस तर खा." दिवसभर तू माझ्याशी बोलली नाहीस. माझ्या हनुवटीवरचं पीठ वाळून गेलं तरी मी पुसलं नाही, रागानं. पण रागातही मी मनात एकच धरून होते, की ज्याला ठाऊक नसतं तो इतका चिडत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामा आले. त्यांची जुनी विहीर आटली होती आणि लिंबाची झाडं पानं टाकत होती. नवी विहीर खणायला वडार ठरवून झाले होते, सांगावा धाडायचा तेवढा राहिला होता. मी नदीवरून घागर घेऊन चढून आले तेव्हा तुमचं बोलणं संपत आलेलं. मामा टोपी हातात घेऊन उभे. तू चुलीकडे बघत होतीस, त्यांच्याकडे नाही. मला फक्त शेवट ऐकू आला, "खणा दादा." मामांच्या तोंडावर जे हसू आलं ते मला अजून दिसतं. ते जवळजवळ पळतच बागेकडे गेले. मी तुला म्हटलं, काय सांगितलंस त्यांना? तू म्हणालीस, घागर ठेव खाली, सांडतीय.

विहिरीला पाणी लागलं. चांगलं लागलं. मामांनी गूळ वाटला आणि तुझ्यासाठी लिंबाचं एक रोप आणलं, त्यांच्या सगळ्यात जुन्या झाडावर गुटी बांधून केलेलं. म्हणाले, "ताई, शिरूरला तुमच्या खोलीमागं जागा हाय न्हवं? जमिनीत लावा, पोरीच्या पोरान्लाबी पुरंल." तू म्हणालीस, "बघू." आणि तुपाचा रिकामा डबा घेतलास, बुडाला खिळ्यानं भोकं पाडलीस आणि रोप त्यात लावलंस. शिरूरला नेलं तेही डब्यातच. खोलीमागे चांगली काळी जमीन असताना. आई, माझ्या संशयाला खरं खतपाणी मिळालं ते त्या डब्यातून. माणसाला एक गोष्ट नक्की ठाऊक असल्याशिवाय ते झाड डब्यात लावत नाही, असं मी तेव्हा ठरवलं. इथली जमीन राहायची नाही, हे तुला कळलंय. आपल्या रोपाची तू सोय केलीस आणि त्यांना मात्र खणा म्हणालीस.

मग बोरिंगवाले आले, हिंदी बोलणारे, दिवसभर इंजिन धडधडत ठेवणारे. जमिनीतून दगडाच्या लांब कांड्या काढून खणांच्या लाकडी पेट्यांत ओळीनं मांडायचे. साहेब एकेक कांडी हातोडीनं ठोकून बघायचे. वरच्या जागी काळ्या दगडाखाली तांबडा गेरू निघाला, नखानं उकरला तरी सुटणारा, आणि साहेबांचं जेवण उडालं. खालच्या जागी दगड बरा होता, पण तिथं भिंत लांब घालावी लागणार. पुढचं त्यांना काही सुचेना. पावसाच्या तोंडावर राहुट्या गुंडाळल्या, पेट्या ट्रकात चढल्या, झेंड्यांची कापडं वाडीतल्या पोरांनी काढून नेली. संपलं. तू दौंडला रनिंग रूममध्ये कामाला लागलीस, इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड यांचा स्वयंपाक. कॅम्प सोडला तेव्हा फाट्यावर मामा पोचवायला आले होते. तू डबा मांडीवर घेऊन शिरूरच्या येष्टीत बसलीस. रोपाला तेव्हा नवी पालवी होती.

आणि वर्षांमागून वर्षं काहीच झालं नाही. वाडी धरण विसरली. ज्यांनी छपरं शाकारली नव्हती ते गळक्या घरात राहिले आणि तुझ्या नावानं बोटं मोडत राहिले. मामांची बाग अशी लागली की पुण्याच्या मंडईत त्यांच्या करंड्या वेगळ्या ओळखू यायच्या. मी मनात म्हटलं, चला, आपला संशय खोटा. चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या म्हणून मला पुण्याच्या कचेरीत ट्रेसरची जागा मिळाली, मोठ्या नकाशावर आरपार दिसणारं मेणकापड पसरायचं आणि रेघ न् रेघ शाईनं उतरवायची. एक दिवस माझ्यासमोर आपलीच नदी आली. ती वळणं मी डोळे मिटून ओळखली असती. तिच्यावर भिंतीची रेघ खालच्या जागी होती. चिंच नव्हती नकाशात, चूल नव्हती, बाग नव्हती. पाणी कुठवर चढणार ती वेडीवाकडी रेघ मात्र वाडीच्या कितीतरी वरून गेलेली. मी तो कागद पुरा केला आणि संध्याकाळची गाडी पकडून दौंडला आले.

तू ड्रायव्हर लोकांसाठी कांदा चिरत होतीस. मी चपलासुद्धा न काढता म्हटलं, भिंत खाली होणार, मामा बुडाले. तुला ठाऊक होतं ना? तू सुरी थांबवली नाहीस. म्हणालीस, "म्या काय सांगितलं ते दादाला ठाव हाय. त्याला इचार." मी म्हटलं, तूच सांग. तू म्हणालीस, "तुला सांगून काय उपेग? तू कवा इस्वास ठेवलाय?" बाहेर कुणीतरी मालगाडीचा ड्रायव्हर जेवायला हाका मारत होता. तू ताट वाढायला गेलीस आणि मी पुढच्या गाडीनं पुण्याला परत फिरले. मामांना जाऊन विचारायचं धाडस झालं नाही. ज्याची बाग जाणार त्याला कोणत्या तोंडानं विचारायचं, की माझ्या आईनं तुम्हाला फसवलं का?

मग सगळं भराभर झालं, जणू इतकी वर्षं कुणी दम धरून बसलं होतं. नोटिसा आल्या, पत्र्याच्या चाळींची कॉलनी आली, पाया खणायला शेकड्यानं माणसं आली, गाढवं आली, पाट्या वाहणाऱ्या बाया आल्या. मुरुमाचे थर टाकायचे, पाणी मारायचं, वरून रूळ फिरवायचा, पुन्हा थर. मी एकदा मुद्दाम बघायला गेले. नकाशावरची माझी शाईची रेघ तिथं धूळ उडवत उभी राहत होती. वीजघर नव्हतंच. मधल्या काळात कुणीतरी हिशेब केला होता की उन्हाळ्यात एवढं पाणी पडतं ठेवता येणार नाही, आणि ते चौकोनी घर नकाशावरून निघून गेलं होतं. ज्या दिव्यांच्या आशेवर राहुट्यांच्या दिवसांत अर्धी वाडी गप्प बसली होती ते दिवे असे खोडरबरानं गेले. पाणी अडायच्या आधी तू गेलीस. मामा मातीला आले होते, मागे उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. त्यावरूनही मी हवा तोच अर्थ काढला.

कचेरीत मात्र मी शोध सोडला नाही. कुणाला तरी तेव्हा ठाऊक असणारच, असं मला वाटायचं. ड्राफ्ट्समनला विचारलं, तो म्हणाला ओव्हरसियरला ठाऊक. ओव्हरसियर म्हणाला, आम्ही काय, साहेब सांगतील तिथं पट्टी धरतो. एक साहेब निवृत्त होऊन पेन्शनच्या कामाला आले होते, ते नेमके आपल्या कॅम्पातले, तुझ्या हातचं जेवलेले. त्यांनी तुझ्या खिमटासारख्या मऊ खिचडीची आठवण काढली. मी विचारल्यावर हसले. म्हणाले, "अहो बाई, तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं. मी वरची जागा धरून बसलो होतो. मग गेरू निघाला. मग पैसे नव्हते. मग माझी बदली झाली. खालची जागा कुणी पक्की केली ते मला पेपरात कळलं." मला तेही खरं वाटलं नाही.

आता परवाचं. मामांना नवी जमीन दौंडच्या अंगाला, पाटाखाली मिळाली, तिथं ते मुलाकडे असतात. फार थकलेत. विहीर वर आली ऐकून बघायचा हट्ट धरला, मुलानं जीप केली, आणि मला निरोप धाडला. गाळाच्या भेगाळलेल्या जमिनीवर आम्ही दोघं उभे होतो. विहिरीत पाणी होतं, काठोकाठ, हिरवं. मी तेव्हा विचारलं. इतक्या वर्षांनी, सरळ. आईनं तुम्हाला त्या दिवशी काय सांगितलं होतं?

मामा काठीवर रेलून म्हणाले, "ती म्हनली, दादा, साहेबालाच ठाव न्हाई. रोज जेवताना दोगं भांडत्यात, एक म्हंतो वर, दुसरा म्हंतो खाली. व्हईल तवा व्हईल, न्हाईतर न्हाईबी व्हनार. तुमची लिंबं आत्ता वाळाय लागल्यात. खणा दादा."

मी म्हटलं, मग?

"मग काय. मला वाटलं, बाईला ठाव हाय, पर बोलायची चोरी हाय. ठाव न्हाई म्हनती म्हंजी नक्की ठाव हाय. आन् खणा म्हनली म्हंजी आपुन वाचलो." ते हसायला लागले, दात नसलेलं हसू. "नोटीस आली तवा लई राग आला हुता तुझ्या आईचा. मातीला आलो तवाबी हुता. मग हळूहळू ध्यानात आलं, तिनं खरंच सांगितलं हुतं की. म्याच ऐकलं न्हाई. आन् पोरी, न्हाई खणली असती तर वाट बघून बघूनच बाग गेली असती. लई वरसं खाल्ली लिंबं."

आई, तू खरं बोललीस आणि त्या अख्ख्या खोऱ्यात एकानंही ते खरं मानलं नाही. वाडीनं नाही, खलाशांनी नाही, तू ज्याला दादा म्हणालीस त्यानं नाही, आणि मी तर नाहीच. याचं मला रडू आलं, तिथं, गाळात उभं राहून. खरं सांगायचं तर तुला ठाऊक होतं असं मानणं मला बरं पडत होतं. तू खोटी ठरली असतीस तरी चाललं असतं, पण मग निदान एवढं तरी उरलं असतं की कुणालातरी ठाऊक होतं. एवढी गावं उठली, एवढी माणसं राबली, आणि सुरुवातीला कुणालाच काही ठाऊक नव्हतं, हे पचायला जड जातं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लिहून झालं की स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीखाली ठेवीन. फक्त एक गोष्ट राहते. तो डबा. मामांनी जमिनीत लावा म्हटलं असताना तू रोप डब्यात का लावलंस, याचं उत्तर मामांनाही देता आलं नाही, आणि परत येताना जीपमध्ये माझ्या मनात पुन्हा तेच सुरू झालं. घरी आले, मागच्या दारी गेले. तू गेल्यावर तुझ्या त्या झाडाला गुटी बांधून मी एक रोप केलं होतं, तुला सांगायचं राहिलं. घर माझं स्वतःचं आहे, मागे हातभर नाही, चांगली ऐसपैस जमीन आहे. मामा दर भेटीत विचारतात, पोरी, जमिनीत लावलंस का? मी म्हणते, बघू. ते अजून डब्यातच आहे, आई. आणि मला तर कुणी काहीच सांगितलेलं नाही.